कासवाला वाट देणारी चौकट : एका हंगामाच्या वापरानंतर

कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात (नावेमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात), खोल्याच्या, म्हणजे माल साठतो त्या मागच्या टोकाच्या, अलीकडे, तिरक्या दांड्यांची जी चौकट बसवतात तिला मच्छीमार थोडक्यात 'टेड' म्हणतात. कोळंबी आणि लहान मासे दांड्यांमधून मागे खोल्यात जातात. कासव मात्र दांड्यांना अडते आणि तिरकेपणामुळे सरकत जाळ्याला ठेवलेल्या झडपेतून बाहेर पडते. कासवाला श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते, त्यामुळे तासन् तास ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते बुडून मरते. ही चौकट त्यावरचा उपाय आहे आणि एक पूर्ण हंगाम ती वापरल्यावर माझे मत तिच्या बाजूने झाले आहे, जरी काही गोष्टींबद्दल माझी तक्रार कायम आहे.

पहिली तक्रार कचऱ्याची. प्लॅस्टिकच्या पिशव्या, लाकडाचे ओंडके आणि तुटक्या जाळ्यांचे तुकडे दांड्यांवर अडकले की कोळंबीची वाट बंद होते आणि पकड झडपेतून समुद्रात परत जाते. जाळे वर घेईपर्यंत हे कळतही नाही. ज्यांच्या जाळ्यातून असा माल गेला आहे, त्यांना 'नुकसान नगण्य आहे' असे सांगणे मला पटत नाही, कारण नदीच्या मुखाजवळच्या गढूळ, कचऱ्याने भरलेल्या पाण्यातले नुकसान स्वच्छ पाण्यातल्या चाचणीवरून मोजता येत नाही. झडपेचे तोंड खालच्या बाजूला ठेवल्यास जड कचरा बराचसा आपोआप निघून जातो. प्रत्येक ओढीनंतर, म्हणजे जाळे एकदा ओढून वर घेतल्यावर, दांड्या साफ कराव्या लागतात. चौकटीचा कोनही जपावा लागतो : तो फार उभा झाला तर कासव अडकून राहते, फार आडवा झाला तर माल निसटतो. हे शिकवायला कोणी तरी नावेवर आले पाहिजे, नुसते पत्रक पुरत नाही.

मच्छीमारांनी टेडला केलेल्या विरोधाचे मूळ माझ्या मते इथेच आहे. या चौकटीची पूर्वज अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सिंकी बून नावाच्या कोळंबी मच्छीमारानेच, जेलीफिश जाळ्याबाहेर ठेवण्यासाठी, तयार केली होती. म्हणजे कल्पना मच्छीमाराची होती, तरी 1987 मध्ये ती नियम म्हणून आली तेव्हा मेक्सिकोच्या आखातातले मच्छीमार संतापले. 1989 च्या जुलैत टेक्सास आणि लुईझियानात त्यांनी नावा आडव्या लावून जलमार्ग अडवले आणि सरकारला नियम काही काळ स्थगित करावा लागला. लुईझियानाने तर आपल्या राज्य अधिकाऱ्यांनी हा नियम राबवू नये असा कायदाच केला, जो 2015 पर्यंत टिकला. त्या लोकांना कासवांचा राग नव्हता. घरचा खर्च ज्या ओढीवर चालतो तिच्यात दुसऱ्याने हात घातला, हा त्यांचा राग होता, आणि तो मला समजतो.

तरीही आकड्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्याच आखातातल्या केम्प्स रिडले या कासवाची घरटी 1985 मध्ये जेमतेम 702 उरली होती. पुढे ती काही हजारांवर गेली. यात घरट्यांच्या संरक्षणाचा वाटा आहे, पण टेडचाही आहे. अमेरिकेत एखाद्या रचनेला मान्यता मिळण्यासाठी चाचणीत 97 टक्के कासवे सुटावी लागतात.

भारतातला अनुभव वेगळ्या वाटेने आला. आपल्या ट्रॉल मासेमारीत टेडची अंमलबजावणी पुरेशी नाही म्हणून अमेरिकेने 2019 मध्ये समुद्रातून पकडलेल्या भारतीय कोळंबीची आयात थांबवली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांसाठी रचना तयार केली असूनही ती नावांवर रुजली नव्हती. त्या बंदीचा फटका चौकट न बसवणाऱ्यांबरोबरच बसवणाऱ्यांनाही बसला, आणि हे मला सर्वांत अन्यायाचे वाटते, कारण नियम पाळल्याचा लाभ पाळणाऱ्याच्या पदरात पडला नाही.

विकत घेणाऱ्यांना माझा सल्ला असा : चौकट बसवताना जाळे विणणाऱ्या कारागिराला सोबत घ्या, कारण तिला तरंगत ठेवणारे फुगे कमी पडले तर ती खाली लोंबते आणि कोन बिघडतो. पहिल्या काही ओढी लहान ठेवा. झडपेची शिवण दर आठवड्याला तपासा, तिथला धागा आधी झिजतो. आमच्या जाळ्यातून या हंगामात एकही मेलेले कासव वर आले नाही. कोळंबी थोडी कमी मिळाली, पण जाळ्यात मोठी वजने न आल्याने फाटाफाट आणि दुरुस्ती दोन्ही कमी झाली, त्यामुळे पुढच्या हंगामातही आम्ही तीच वापरणार आहोत.