एक क्वाड की दोन ट्विन? क्रूझवर रात्री कोण कुठे झोपणार

एजंट म्हणाला होता, "मॅडम, क्वाड आहे, म्हणजे चार जणांची केबिन, डबल बेड आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फक्त एकाच वेळी खऱ्या नव्हत्या.

केबिनचं दार उघडलं तर दोन भिंतींना दोन सिंगल पलंग, मध्ये जेमतेम एक माणूस चालेल एवढी वाट, आणि वरती छताला लागून दोन घडीचे बर्थ. ते बर्थ उघडायचे तर खालचे पलंग वेगळेच राहणार, जोडता येणार नाहीत, असं केबिनची व्यवस्था बघणाऱ्या स्ट्युअर्डने नम्रपणे सांगितलं. सासूबाईंना वर चढवणं शक्य नव्हतं, नवऱ्याची कंबर धरलेली. म्हणजे मायलेक खाली, मी आणि नऊ वर्षांचा मुलगा वर. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाची सहल मी छतापासून हातभर अंतरावर, स्प्रिंकलरकडे बघत काढली.

तेव्हापासून कुणी "क्रूझला केबिन कोणती घेऊ" असं विचारलं की मी आधी विचारते, रात्री दोन वाजता बाथरूमला कोण उठतं?

जहाजावरच्या बहुतेक साध्या केबिनांमध्ये मुळात दोन सिंगल पलंग असतात. ते एकत्र सरकवले की डबल बेड होतो, फक्त मधली फट पाठीला कळते. तिसऱ्या-चौथ्या माणसासाठी वरचा बर्थ किंवा सोफा बेड. वरच्या बर्थला 'पुलमन' म्हणतात. अमेरिकेत रेल्वेच्या झोपायच्या डब्यांसाठी गाजलेल्या जॉर्ज पुलमन यांचं ते नाव. त्यामुळे आपल्या थ्री-टिअरची आठवण येते ती उगाच नाही. फरक एवढाच की हा बर्थ दिवसा भिंतीत किंवा छतात मिटतो आणि संध्याकाळी स्ट्युअर्ड येऊन उघडतो. काही जहाजांवर पलंगाखालून ओढायचा तिसरा पलंगही असतो. तो असेल तर बॅगा ठेवायची खालची जागा गेली.

आता खरी तुलना. चौघांचं कुटुंब, समोर तीन पर्याय.

पहिला पर्याय क्वाड. पैशात ती जिंकते. क्रूझचं भाडं केबिनमागे पहिल्या दोघांना पूर्ण लागतं, तिसऱ्या-चौथ्याला बहुधा बरंच कमी. मात्र बंदराचे कर आणि टिप माणशी, तिथे सूट नाही. दोन ट्विन, म्हणजे दोघा-दोघांच्या केबिन, घेतल्या की चौघांनाही पूर्ण भाडं. आकडे बघून क्वाडकडे हात जातोच, माझाही गेला होता. पण त्या वाचलेल्या पैशांत एकच बाथरूम येतं, आणि ते कपाटाएवढं असतं. बंदराला लागायच्या दिवशी सकाळी सात ते आठ चौघांच्या आंघोळी करून बघा.

मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर क्वाड मस्त. त्यांना शिडी म्हणजे खेळ. लहानग्यांना मात्र वर झोपवू नये. पाळण्याची मागणी बुकिंग करतानाच नोंदवावी लागते. आजी-आजोबा बरोबर असतील तर माझं मत स्पष्ट आहे: क्वाड नको.

दुसरा पर्याय बाल्कनी आणि सोफा बेड. तिघांसाठी हा मला सगळ्यात आवडतो, पण एक मेख आहे. अशा केबिनांत कधी पलंग बाल्कनीकडे आणि सोफा बाथरूमकडे, तर शेजारच्याच केबिनमध्ये बरोबर उलटं. सोफा उघडला की त्या बाजूची वाट अडते. मुलगा बाथरूमच्या बाजूला सोफ्यावर झोपला असेल, तर रात्री त्याच्या पायांवरून ओलांडून जायचं. तो बाल्कनीच्या बाजूला असेल, तर सूर्योदय तो उठेल तेव्हा. ज्येष्ठ मंडळींना पलंग बाथरूमकडचाच बघा, समुद्र दिवसाही दिसतो.

तिसरा पर्याय दोन ट्विन केबिन. इथे शब्द नीट ऐका. 'कनेक्टिंग' म्हणजे दोन केबिनांच्या मध्ये आतून दार. 'ॲडजॉइनिंग' म्हणजे नुसत्या शेजारी. एजंट दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. आतल्या दारातून आवाजही येतो, घोरणाऱ्यांनी नोंद घ्यावी. बऱ्याच कंपन्या कागदोपत्री प्रत्येक केबिनमध्ये एक मोठा माणूस मागतात. प्रत्यक्षात कोण कुठे झोपतं ते तुमचं तुम्ही ठरवा. दोन साध्या इनसाइड, म्हणजे बिनखिडकीच्या, केबिन किमतीत कित्येकदा एका बाल्कनीवाल्या क्वाडच्या आसपास पडतात, आणि बाथरूम दोन मिळतात. म्हणून हा हिशेब मांडल्याशिवाय क्वाड पक्की करू नका.

जहाजाचं वयही बघा. मुंबईहून २०२१ पासून गोवा-लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' फ्रान्समध्ये बांधलेलं, १९९० चं जहाज. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे केबिन आटोपशीर आणि बाल्कनी मोजक्या. तिथे बहुतेकांची निवड इनसाइड की खिडकीची, एवढीच, आणि चौघे म्हटलं की वरचे बर्थ आले. दोन-तीन रात्रींना ते चालून जातं. सिंगापूरहून निघणारं 'गेंटिंग ड्रीम' २०१६ चं. तिथे बाल्कन्या भरपूर, म्हणून सोफ्याचा प्रश्न आधी येतो.

डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, केबिन नंबराशेजारी बारीक खुणा असतात, त्रिकोण, चांदणी, बाण. त्यांचा अर्थ जहाजागणिक बदलतो, म्हणून खालची सूची वाचल्याशिवाय अंदाज बांधू नका. 'गॅरंटी' नावाचं स्वस्त बुकिंग घेतलंत तर केबिन कंपनी ठरवते, आणि पलंगांची मांडणीही तिच्याच मर्जीची. चौघांनी त्या वाटेला जाऊ नये. कधी बर्थ प्लॅनवर दिसतो तरी तिसऱ्या माणसाचं बुकिंग घेत नाहीत. त्या भागाच्या लाइफबोटीतल्या जागा भरलेल्या असतात, तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

पैसे भरण्याआधी मी आता एजंटला एवढंच लिहून पाठवते: केबिन नंबर काय? चौघे झोपल्यावर खालचे पलंग जोडलेले राहतील का? वरचे बर्थ किती, आणि सोफा कोणत्या बाजूला? उत्तर नुसतं "येस मॅडम" आलं, तर तोच मेल पुन्हा पाठवते.