रीपर, एक जुनी कॅसेट आणि पांढरी सहा: आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, मी स्टुडिओवाला नाही. रात्री साडेदहानंतर जेवणं आवरली की हेडफोन लावून बसणारा नोकरदार माणूस आहे. रीपर, म्हणजे कॉम्प्युटरवर आवाज रेकॉर्ड आणि दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर, घेतलं ते एकाच कामासाठी. 2000 सालच्या पावसाळ्यात, रविवारी सकाळी, डोंबिवलीच्या घरी दादाने गायलेलं 'एंट नो सनशाइन' जरा ऐकण्याजोगं करायचं होतं. टू-इन-वनच्या आतल्या माइकवर, आवाज आणि गिटार एकत्र, एका दमात केलेलं रेकॉर्डिंग. गिटार मी वाजवली होती, त्यामुळे चुका कुणाच्या ते वेगळं सांगायला नको.

मूळ गाणं बिल विदर्सचं, 1971 सालचं. तेव्हा तो विमानांतली शौचालयं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. मधला 'आय नो, आय नो'चा जो धोशा आहे तिथे खरं तर त्याला पुढे शब्द लिहायचे होते, पण स्टुडिओतल्या मंडळींनी आहे तसंच ठेवायला लावलं. तो 26 वेळा म्हणतो. दादा 23 वेळाच म्हणालाय, मी चारदा मोजलं. आणि चौदाव्यावर आमच्या कुकरची शिट्टी आहे.

आता रीपर. हे बनवलंय जस्टिन फ्रँकेलच्या कंपनीने, म्हणजे ज्याने विनॅम्प केलं तोच. सायबर कॅफेत विनॅम्पवर गाणी ऐकलेल्या पिढीला एवढी ओळख पुरे. 60 दिवस फुकट वापरायला देतात, नंतरही बंद पडत नाही, फक्त उघडताना आठवण करून देतं. घरगुती वापराचं लायसन्स 60 डॉलरचं. मी पंचेचाळिसाव्या दिवशी भरले. माझा लॅपटॉप जुना आहे, 8 जीबी रॅमचा, तरी अडकलं नाही. सोबत तयार वाद्यं वगैरे जवळपास काही येत नाहीत. ज्यांना बोटाने दाबून ढोल वाजवायचाय त्यांनी दुसरं बघावं.

पहिले तीन महिने मी वाया घालवले, आणि त्यात रीपरचा काही दोष नाही. ऑनलाइन मिळणारा एक स्वस्तातला यूएसबी कॅसेट प्लेअर मागवला होता. त्यावरून कॅसेट उतरवली तर आवाज उशीखालून आल्यासारखा, वर लाटा खाणारा. मी बसलो इक्वलायझरने वरच्या पट्ट्या चढवत. जितकं चढवावं तितकी खरखर वर यायची. शेवटी मित्राच्या घरून नव्वदच्या दशकातला डेक आणला, हेड (टेप वाचणारा भाग) आणि रबराचा रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला (कापसाची काडी चहाच्या रंगाची झाली) आणि हेडच्या बाजूच्या छोट्या स्क्रूला हात घातला.

हा स्क्रू हेडचा तिरकेपणा ठरवतो. ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं त्याचं हेड ज्या कोनात होतं, त्याच कोनात हे आलं पाहिजे. आवाज मोनो करायचा, कॅसेट चालू ठेवायची आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने अगदी हळू फिरवायचं. पाव फेराही झाला नसेल आणि 'सनशाइन'मधला 'स' एकदम उघडला. तारेवरून बोट सरकल्याचा आवाजसुद्धा आला! तीन महिन्यांच्या इक्वलायझरने जे झालं नव्हतं ते इथे झालं. मूळ जागेवर आधी नेलपॉलिशची खूण करून ठेवा आणि काम झालं की स्क्रू परत तिथे आणा, नाहीतर मित्राच्या बाकीच्या कॅसेटी दबक्या वाजतील आणि शिव्या तुम्हाला बसतील.

पुढचा प्रश्न वेगाचा. कॅसेट थोडी चढ्या सुरात वाजत होती, पण किती चढी? रेकॉर्डिंगमध्ये विजेची गुणगुण होती. आपली वीज 50 हर्ट्झची आणि रीपरमध्ये ती गुणगुण 51.2वर दिसत होती. म्हणजे वेग 0.977 करायचा, हिशेब सोपा. केला, तर दादा झोपेत गातोय असं वाटायला लागलं. मग आठवलं, त्या काळात आपल्या ग्रीडची फ्रिक्वेन्सी पन्नासवर ठरून बसायचीच नाही, मागणी कमी असली की वर जायची. पावसाळी रविवारी सकाळी कोण कशाला वीज ओढतंय? तेव्हा आमच्याकडे ट्यूनर नव्हता, गिटार आईच्या पेटीवरून लावायचो, पांढरी सहावरून, म्हणजे पेटीतल्या 'ए' सुरावरून. पेटी अजून आहे. माइक लावून पांढरी सहा रेकॉर्ड केली, गाण्यातल्या ए मायनरशी ताडून पाहिली. उत्तर आलं 0.985. इतक्या वर्षांत पेटीही थोडी हलली असेल, मान्य. पण ऐकल्यावर तो दादा वाटला, म्हणून तेच ठेवलं. रीपरमध्ये हे करताना क्लिपच्या गुणधर्मांत 'पिच कायम ठेवा'ची खूण काढायला विसरू नका. टेपसारखं वेग आणि सूर दोन्ही एकत्र उतरले पाहिजेत.

गुणगुण काढायला रीपरच्या आतलं इक्वलायझर, रीईक्यू, पुरलं, तिच्या पटीतल्या जागी बारीक खड्डे पाडले. टेपच्या सूं-सूंसाठी रीएफआयआर हे आतलंच फिल्टर सबट्रॅक्टवर (नमुन्यातला आवाज वजा करण्यावर) ठेवून गाण्याआधीच्या दोन सेकंदांचा नमुना दिला. हे लोणच्यातल्या मिठासारखं वापरा. जास्त झालं की गाणारा विहिरीत पडल्यासारखा वाटतो.

आवाज आणि गिटार वेगळं करणारं एक फुकट सॉफ्टवेअरही चालवून पाहिलं. त्याने काम बरं केलं, पण कुकरची शिट्टी गायकाच्या ट्रॅकवर टाकली. शिट्टी सुरात आहे हे मात्र खरं. मग रीपरच्याच स्पेक्ट्रल एडिटने तेवढा पट्टा खाली ओढला. पूर्ण गेली नाही, ज्याला माहीत आहे त्याला ऐकू येते.

लय हा खरा वैताग. दादा मिनिटाला 76 ठोक्यांनी सुरू करतो आणि 'आय नो'मध्ये 84वर पळतो. मी स्ट्रेच मार्कर (आवाज ताणायच्या खुणा) टाकून सगळं तालाच्या एका ठराविक ग्रीडवर बसवलं आणि ते गाणं न राहता पाढे झाले. सगळं पुसलं. उलटं केलं, दर आवर्तनाला टेम्पो मार्कर टाकून ग्रीडच दादाच्या मागे पळवली. दोन रात्री गेल्या. पण मग नव्याने वाजवलेला बेस आणि मित्राचा काहोन (बसून वाजवायचा लाकडी खोका) त्याच्याबरोबर धावायला लागले. ही सोय आहे म्हणून मी लायसन्सचे पैसे परत भरीन.

राहिलेले तीन 'आय नो' कॉपी-पेस्टने पाच मिनिटांत भरता येतात. 26चं एक मिक्स करून ठेवलंय, 23चं एक. दादाला दोन्ही पाठवली, कोणतं कोणतं ते न सांगता. त्याला फरक कळलाच नाही. म्हणाला, गिटार जरा मागे घे.