मधुमेही पायांवर चिनी उपचार: सुया ठेवल्या, काढा सोडला

रात्रीची पायांची आग पुष्कळ कमी झाली. बधिरपणा होता तिथेच आहे. सिंगापुरात काही महिने चिनी उपचार (ॲक्युपंक्चरच्या सुया आणि काढा) घेऊन माझ्या पदरात पडलं ते एवढं. तरी सविस्तर लिहितेय, कारण ‘सुयांनी मेलेल्या नसा जिवंत होतात’ असे निरोप नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर फिरतात आणि मग सगळे मलाच विचारतात.

मधुमेह जुना. चालताना चप्पल निसटली तरी कळायचं नाही आणि अंथरुणावर पडलं की तळव्यांना मुंग्या, जळजळ. पांघरूणही पायांवर नको व्हायचं. पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून तपासलं, तर अंगठ्याखाली तो मला जाणवलाच नाही. प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी सुरू झाली. आग शमायची, पण सकाळी डोकं जड आणि चालताना झोक जायचा. डोस वाढवायची तयारी नव्हती, म्हणून डॉक्टरांना सांगून सिनसेकडे गेले. इथे चिनी वैद्याला सिनसे म्हणतात.

सिंगापुरात या वैद्यांसाठी २००० सालचा कायदा आहे. नोंदणी झालेल्यांची नावं ऑनलाइन बघता येतात, ती बघूनच गेले. मेडिसेव्ह या इथल्या आरोग्य-बचत खात्यातून मात्र हे पैसे वळते होत नाहीत, दर वेळी खिशातून जातात.

सिनसे बाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली, तहान, झोप, पाय गार पडतात की तापतात ते विचारलं. आपल्याकडच्या वैद्यांची सवय असलेल्याला यात काही परकं वाटत नाही. सुया केसासारख्या बारीक, एकदा वापरून टाकून द्यायच्या. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर एक जागा, घोट्याच्या आतल्या बाजूला वर एक, आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत दोन्ही पाय मिळून आठ. पहिलीचं नाव त्सूसानली, आठांचं मिळून बाफेंग. सुई फिरवून बाई विचारायच्या, आत जड, ठणकल्यासारखं झालं का? गुडघ्याखाली व्हायचं. बोटांच्या बेचक्यांत, जिथे लोक ओरडतात म्हणे, तिथे मला जेमतेम कळायचं. मग दोन-तीन सुयांना चिमटे लावून हलका विजेचा प्रवाह देत आणि अर्धा तास पडून राहायचं.

सुरुवातीला फरक शून्य. पुढे हळूहळू झोप सलग लागायला लागली, पांघरूण सोसवायला लागलं. मध्ये भारतात आले तेव्हा सुया बंद होत्या, तेवढ्यात आग परत डोकावली. परत सुरू केल्यावर निवळली. म्हणून सुयांना श्रेय द्यावंसं वाटतं. पण त्याच काळात माझं बी-१२ फार कमी निघालं (वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी आणि शाकाहार, दोन्ही त्याला कारण होतात) आणि इंजेक्शनं चालू झाली. तीन महिन्यांची सरासरी साखरही खाली आली. कुणामुळे किती, हे कोण सांगणार?

आग कमी झाली म्हणजे नस सुधारली, असं मात्र धरून चालू नका. नस आणखी खराब होत गेली तरी जळजळ कमी होऊ शकते, कारण कळवणारेच तंतू उरत नाहीत. म्हणून मी धाग्याची तपासणी पुन्हा करून घेतली. अंगठ्याखाली अजूनही काही कळत नाही. बिघडलं नाही, यात समाधान.

काढा पाच जिनसांचा: हुआंगची नावाचं मूळ, दालचिनीच्या कोवळ्या काड्या, पांढऱ्या पिओनीचं मूळ, आलं आणि लाल खजुरासारखं चिनी बोर. हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याची ही कृती, बधिर अंगासाठीच सांगितलेली. चवीला वाईट नाही. तरी सोडला. माझ्या लघवीत प्रथिनं जायला लागली आहेत आणि किडनीच्या डॉक्टरांना पोटात काय जातंय त्याचा नेमका हिशेब हवा होता. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकात वजन उतरवायच्या गोळ्यांत अरिस्टोलोकिया ही चिनी वनस्पती गेली आणि कित्येकांच्या किडन्या गेल्या. माझ्या काढ्यात ती नव्हती, पण धास्ती बसलीच. शिवाय २०१३च्या कॉक्रेन आढाव्यातही (कॉक्रेन ही उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) या दुखण्यावरच्या चिनी औषधी वनस्पतींबद्दल भरवशाच्या चाचण्या सापडल्या नव्हत्या. सुयांवरच्या चाचण्याही बहुतेक लहानच आहेत आणि खोटी सुई टोचून तुलना करणं अवघड असतं.

एका दुकानात ‘नसांसाठी’ म्हणून बिनलेबलच्या कॅप्सूल पुढे केल्या. घेतल्या नाहीत. इथे २००८ मध्ये पुरुषांच्या ताकदीच्या बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं औषध सापडलं होतं. साखर कोसळून माणसं कोमात गेली, काही दगावली. आधीच साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याचं काय होईल?

पाय शेकायच्या पाण्यात टाकायच्या पुडीत होंगहुआ असते, म्हणजे आपली करडईची फुलं. सोलापूरकडची असल्यामुळे तेवढं लगेच ओळखलं! पाय बुडवून बसायला छान वाटतं, उठलं की संपलं. धोका मोठा: बधिर पायाला चटका कळत नाही. आमच्याकडे मुलगी थर्मामीटरने ३७ अंश बघून मगच पाय घालू देते, आणि नंतर बेचक्या कोरड्या पुसायच्या. पायांवर शेक देणारा दवण्यासारख्या पाल्याचा धूर आणि तापता दिवा, दोन्ही बाईंनी स्वतःच नाकारले. त्यामुळेच त्यांच्यावर विश्वास बसला.

सुया महिन्यातून एकदा चालू ठेवल्यात, मेटफॉर्मिन आणि कमी डोसातली प्रीगॅबालिनही. पायाला जखम असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा पेसमेकर असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. पेसमेकरवाल्यांनी विजेचे चिमटे लावून घेऊ नयेत. महाराष्ट्रातही ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, तेव्हा सुया टोचणाऱ्याची नोंदणी विचारायला लाजू नका.