२४ पोर्टचा मॅनेज्ड पीओई स्विच रुग्णालयात : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

२४ गिगाबिट पोर्ट, ३७० वॅटचं पीओई बजेट (पीओई म्हणजे नेटवर्क केबलमधूनच उपकरणाला वीज देणं), वर चार एसएफपी (फायबर जोडायचे पोर्ट). तीन इमारतींत मिळून असे पाच नेटवर्क स्विच चालू आहेत. बाकी स्पेसिफिकेशन तुम्ही वाचलेली असणारच, ती इथे उगाळत नाही. डेटाशीटवर जे कुठेच छापलेलं नसतं त्याबद्दल लिहितो: वीज जाऊन परत आली की हा स्विच उभा राहायला किती वेळ घेतो.

दोन मिनिटं चाळीस सेकंद.

ऑफिसात याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. पण जिथे दिवसातून चार-पाच वेळा वीज जाते आणि जनरेटर दहा-पंधरा सेकंदांत भार घेतो, तिथे हाच आकडा डोक्याला ताप होतो. दिवे आले, पंखे फिरले, नोंदणी खिडकीवरचा संगणकही सुरू झाला. नेटवर्क मात्र बेपत्ता.

त्यात बूट संपलं म्हणजे काम झालं असंही नाही. पोर्टचे दिवे आधी नारंगी होतात. स्पॅनिंग ट्रीचं (केबल फिरून त्याच नेटवर्कला जोडली जाऊन लूप होऊ नये म्हणून पोर्ट तपासण्याची पद्धत) जुनं गणित: १५ सेकंद ऐकायचं, १५ सेकंद शिकायचं, मग पोर्ट उघडायचा. वायफायचं दुखणं वेगळंच. बूट पूर्ण झाल्यावरच स्विच पीओई सोडतो, त्यानंतर अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारा डबा) स्वतःचं बूट सुरू करतो आणि आणखी पावणेदोन-दोन मिनिटं खातो. म्हणजे वॉर्डातल्या टॅबलेटला साडेचार मिनिटं अंधार. आणि डीएचसीपी (संगणकांना आपोआप आयपी पत्ता वाटण्याची सोय) देणारा राउटर किंवा मुख्य रॅकमधला स्विच मागे राहिला तर विंडोज साधारण मिनिटभर पत्ता मागतं, कंटाळून १६९.२५४ ने सुरू होणारा बिनकामाचा पत्ता स्वतःच घेतं आणि पुढचा प्रयत्न थेट पाच मिनिटांनी करतं. बारा सेकंदांची वीज गेलेली, औषध भांडार आठ-नऊ मिनिटं बंद.

सर्व्हिसकडे तक्रार केली तर उत्तर एकच: ‘हे नॉर्मल आहे, फर्मवेअर अपडेट करा.’ फर्मवेअर नवीन टाकलं, बूट होतं तितकंच राहिलं, तिकीट बंद.

इथपर्यंतचं मत: दोन तारे.

आता तीन तारे, कारण मेनूच्या पोटात ‘फास्ट पीओई’ नावाची सोय निघाली. ती चालू केली की वीज येताच, स्विचचं बूट होण्याआधीच पोर्टवर वीज सोडली जाते. स्विच आणि अ‍ॅक्सेस पॉइंट एकाच वेळी उठतात आणि वायफाय साडेचारऐवजी पावणेतीन मिनिटांत परत येतं. शेजारीच ‘पर्पेच्युअल पीओई’ आहे, त्याच्याशी गल्लत नको. ते फक्त स्विच रिस्टार्ट करताना पोर्टवरची वीज टिकवतं. मुख्य वीजच गेली तर त्याचा काडीचा उपयोग नाही. सोबत आरएसटीपी (स्पॅनिंग ट्रीची वेगवान आवृत्ती) चालू करा आणि संगणक, प्रिंटर, एक्स-रे मशीन यांचे पोर्ट ‘एज’ (म्हणजे पुढे दुसरा स्विच नाही) म्हणून मार्क करा, की ते ३० सेकंद गेले. त्याच पोर्टवर बीपीडीयू गार्ड (पलीकडे दुसरा स्विच किंवा लूप दिसला की पोर्ट बंद करणारी सोय) लावा. वॉर्डात मोकळी केबल दिसली की कोणीतरी तिचं दुसरं टोकही भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसतंच, आणि लूप झाला की अख्खं रुग्णालय आडवं होतं. साधा अनमॅनेज्ड स्विच (ज्यात असल्या सेटिंगच नसतात) पाच सेकंदांत उठतो हे खरं, पण या एका कारणासाठी तो मुख्य रॅकमध्ये नको.

हे सगळं केल्यावर कॉन्फिगरेशन सेव्ह करा. ‘अप्लाय’ म्हणजे सेव्ह नव्हे. पुढची वीज गेली की सेव्ह न केलेल्या सेटिंग पुसल्या जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

‘मग यूपीएस लावा की,’ असं म्हणाल. लावायचाच आहे, पण हिशोब करून. आठ अ‍ॅक्सेस पॉइंट प्रत्येकी १० वॅटचे आणि स्विचचे स्वतःचे ३० धरले तर भार ११० वॅट. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या एका नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं निघतात; जनरेटर येईपर्यंत भरपूर. गडबड पुढे होते. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश तापमानाला मोजलेलं असतं आणि वरच्या दर १० अंशांमागे ते साधारण निम्मं होतं. जिन्याखालच्या बंद खोलीतल्या रॅकमध्ये वर्षभरातच त्या पंधरा मिनिटांची दोन होतात. आणि घेताना ‘ऑटो रिस्टार्ट’ आहे का ते नक्की बघा. स्वस्त यूपीएसची बॅटरी पूर्ण उतरली की वीज आल्यावरही तो आपणहून सुरू होत नाही, कोणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं. मध्यरात्री त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?

बाकीचं थोडक्यात. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही आणि धूळही आत ओढली जात नाही, रुग्णालयासाठी उत्तम. दोन इमारतींमध्ये मात्र फायबरच टाका, अंतर १०० मीटरच्या आत असलं तरी. जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक तांब्याच्या केबलवरून पोर्टपर्यंत येतो, पोर्ट जळतो आणि सर्व्हिस सेंटर ‘सर्ज वॉरंटीत बसत नाही’ म्हणून हात वर करतं. एक्स-रे मशीन, इमेज सर्व्हर आणि प्रिंटर यांना आयपी कायमचे द्या. एक्स-रे मशीन सर्व्हरला आयपी, पोर्ट क्रमांक आणि एई टायटल (सर्व्हरला ठरवून दिलेलं नाव) या तिन्हींवरून ओळखतं. सर्व्हरचा पत्ता एका आकड्याने हलला तरी फिल्म पुढे सरकत नाही.

चौथा तारा बूटच्या वेळेपायी राखून ठेवलाय. घेणाऱ्याने डेमो पीस मागवावा. एका संगणकावरून सर्व्हरला सतत चालणारा पिंग (सर्व्हर उत्तर देतो का ते तपासणारी आज्ञा) लावा, स्विचची विजेची वायर उपटा, दहा सेकंदांनी परत लावा आणि पहिलं उत्तर येईपर्यंत मोजा. मग तेच वायफायवरच्या फोनवरून करा. विक्रेता ‘एखादं मिनिट लागतं’ म्हणाला तर घड्याळ त्याच्याच हातात द्या.