गौरामीवाल्यांनो, एअर पंपाच्या हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर घ्या (8 महिने वापरून लिहितोय)

माझा टँक 60 लिटरचा, त्यात हनी गौरामी (छोटे शोभेचे मासे) एक नर आणि दोन माद्या, सोबत आठ एंबर टेट्रा, तेही छोटेच मासे. आधी मागच्या काचेला अडकवायचा हँग-ऑन फिल्टर होता, पाणी एकदम काचेसारखं स्वच्छ, पण वरून धबधब्यासारखं पडायचं आणि गौरामी दिवसभर हीटरच्या मागे दडून बसायच्या. मला वाटलं आजारी आहेत. आजारी नव्हत्या, प्रवाहाने दमत होत्या बिचाऱ्या.

गौरामीला कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्याने ती पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेते, म्हणून वरचं पाणी शांत लागतं. नर बुडबुड्यांचं घरटंही तिथेच बांधतो. स्पंज फिल्टर लावून एअर पंपाचा व्हॉल्व्ह कमी केला आणि बारा-तेरा दिवसांनी सकाळी बघतो तर तरंगत्या पानाखाली फेसाचा छोटा पुंजका, नराचा गळा गर्द निळा-काळा झालेला आणि तो एकेक बुडबुडा तोंडाने नेऊन चिकटवतोय! अर्धा तास मी तिथून हललोच नाही. पिल्लं झाली तरी स्पंजात ओढली जात नाहीत, हा तर खूप मोठा फायदा आहे कारण हनीची पिल्लं डोळ्याला जेमतेम दिसतात.

एक गोष्ट मात्र नक्की करा, नवीन स्पंज लावला की जुना फिल्टर लगेच काढू नका. मी दोन्ही महिनाभर सोबत चालवले (जुन्याचा फ्लो झाकणाला फोम बांधून कमी केला होता), तेवढ्यात स्पंजात माशांची घाण पचवणारे उपयोगी बॅक्टेरिया बसले, नंतर टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राईट (त्या घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) दोन्ही शून्य आले तेव्हाच जुना काढला. स्पंज धुवायचा तो पाणी बदलताना काढलेल्या टँकच्याच पाण्यात, दोन-तीनदा पिळून. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने बॅक्टेरिया मरू शकतात आणि मग परत पहिल्यापासून सुरुवात.

आता तक्रारी. सोबत आलेला प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह अगदी टुकार, जरा फिरवला की हवा एकदम बंद नाहीतर एकदम फुल, मी वेगळा घेऊन लावला. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बॉक्समध्ये नव्हताच, आणि तो हवाच, नाहीतर लाईट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येऊ शकतं. पंप नुसता टेबलावर ठेवला तर घरघर ऐकू येते, खाली जाड फोम ठेवल्यावर बरीच कमी झाली. बारीक कचरा हँग-ऑनइतका उचलत नाही हेही खरंय. पाचपैकी चार स्टार, एक त्या व्हॉल्व्हचा कापला.

फिल्टरने मासे निरोगी राहायला मदत होते पण भांडणं तो मिटवत नाही हेही सांगतो, कारण गौरामी कोणासोबत ठेवायच्या हा प्रश्न बरेच जण विचारतात. ड्वार्फ गौरामीचे दोन नर छोट्या टँकमध्ये ठेवू नका, एक दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडून मारतो. टायगर बार्ब गौरामीच्या लांब मिशा कुरतडतात. आणि दुकानात निळी, गोल्ड, ओपलाईन म्हणून मिळते ती एकच थ्री-स्पॉट गौरामी आहे, 15 सेंमीपर्यंत वाढते आणि स्वभावानेही दांडगी, 60 लिटरमध्ये तिला आणूच नका.

ड्वार्फ गौरामीत इरिडोव्हायरस नावाचा जीवघेणा विषाणू सापडतो आणि त्यावर औषध नाही, त्यामुळे नवीन मासा मी थेट टँकमध्ये सोडतच नाही. त्यासाठी आता दुसरा एक स्पंज मेन टँकमध्येच कायम चालू ठेवलाय, मासा आणला की तो उचलून क्वारंटाईनच्या डब्यात लावतो, बॅक्टेरिया तयारच असतात, आणि काम झालं की तोच स्पंज मेन टँकमध्ये परत टाकत नाही, फेकून नवा लावतो.