सात महिने लिनक्स मिंट: लॅपटॉप रुळला, प्रिंटर अजून रुसलेला

माझा लॅपटॉप २०१६चा, सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. धडधाकट मशीन भंगारात द्यायला जीव होईना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स मिंट २२.२ टाकलं. विंडोजच्या जागी चालणारी ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम.

आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून पाहिलं. आवाज, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसच्या कळा, सगळं चालू. वायफाय मात्र गायब. वायफायच्या चिपचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा उतरवावा लागतो, तो उतरवायला नेट लागतं आणि नेट हवं तर वायफाय! माझ्या लॅपटॉपला लॅन पोर्टही नाही. शेवटी मोबाइल यूएसबीने जोडून टेथरिंग केलं, म्हणजे त्याचं नेट लॅपटॉपला दिलं, आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून काम झालं. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होताना अडवणारी सोय) चालू असल्याने ड्रायव्हर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे दहा सेकंदांत कळ दाबून तोच पासवर्ड द्यायचा. मी तेव्हा चहा गाळत होतो, त्यामुळे सगळं पुन्हा करावं लागलं.

खरा छळ प्रिंटरने केला. कळव्यातल्या आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद चार वर्षं माझ्या गळ्यात आहे. ४८ फ्लॅटची मेंटेनन्सची बिलं दर महिन्याला छापायची. घरातला लेझर प्रिंटर स्वस्तातला, जुना. असल्या प्रिंटरला स्वतःचं डोकं नसतं. पान ठिपक्यांत फोडायचं काम संगणकातला ड्रायव्हर करतो आणि कंपनीची ती भाषा फक्त त्यालाच येते. हौशी मंडळींनी लिहिलेला ड्रायव्हर घातला. पहिलं पान झकास, दुसऱ्याला प्रिंटर ढिम्म, बंद-चालू केलं की पुन्हा एक पान. ४८ बिलांसाठी ४८ वेळा उठाबशा! त्या महिन्यात पेन ड्राइव्ह घेऊन स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. बायको म्हणाली, "फुकटची सिस्टिम महागात पडली की हो!"

आता व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्रॅम) विंडोज १० ठेवलंय, नेट तोडलेलं, फक्त छपाईपुरतं. यूएसबी प्रिंटर आत दिसण्यासाठी आपलं खातं ‘व्हीबॉक्सयूझर्स’ गटात घालून लॉगआउट करावं लागतं. हे कळायला माझा अख्खा रविवार गेला. रॅम ८ जीबी आहे म्हणून निभतं, ४ जीबीवर या वाटेला जाऊ नका.

याउलट नेरुळला मेहुण्याकडे गेलो तेव्हा त्याचा वायफायवाला प्रिंटर मिंटने आपणहून शोधला. ड्रायव्हर नाही, काही नाही. मोबाइलवरून थेट छापणारे प्रिंटर ज्या पद्धतीने बोलतात ती लिनक्सलाही येते. स्कॅनिंगही झालं.

बाकी किरकोळ. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयता मिळाला, सोसायटीच्या नोटिसा लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिससारखा फुकटचा संच) नीट होतात. बोटाच्या ठशाचा सेन्सर चालत नाही, पासवर्ड टाकतो. झाकण मिटून ठेवलं की कधीकधी उठल्यावर वायफाय मरतं, रीस्टार्ट करतो. या २२ मालिकेला २०२९पर्यंत अपडेट आहेत, तोवर लॅपटॉपची बॅटरी टिकली तरी पुष्कळ.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे काका विचारत आले, "मलाही टाकून देतोस का?" मी आधी त्यांचा प्रिंटर बघायला वर गेलो.