आधी बॅकअप की आधी चोवीस तास पहारा?

सायबर सुरक्षेचा विषय संचालक मंडळापुढे येतो तेव्हा टेबलावर बहुधा दोन कोटेशनं असतात. एक बॅकअप नीट उभारण्याचं. दुसरं 'सॉक'चं, म्हणजे तुमच्या सर्व्हर-फायरवॉलच्या नोंदींवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या बाहेरच्या टीमचं. बजेट एकाचंच असतं. साखर कारखाना, मध्यम हॉस्पिटल, एमआयडीसीतला उद्योग आणि नागरी बँक यांना याचं एकच उत्तर देता येत नाही. का, ते दोन घटनांमधून नीट कळतं.

27 जून 2017 रोजी 'नॉटपेट्या' हे मालवेअर युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरलं. डेटा लॉक करून खंडणी मागण्याचा नुसता आव होता. डेटा परत मिळण्याची सोयच नव्हती. मर्स्क ही जहाज कंपनी ठप्प झाली आणि न्हावा शेव्याच्या बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही अडकलं. कंपनीचे जगभरचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन आणि परवानग्या सांभाळणारे सर्व्हर, एकमेकांची प्रत ठेवत होते, त्यामुळे सगळे एकदमच गेले. वाचला फक्त घानाच्या ऑफिसातला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! त्या एका प्रतीच्या आधारावर नेटवर्क पुन्हा उभं राहिलं. 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक 10 दिवसांत नव्याने बसवले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं.

दुसरी घटना पुण्याची. 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार, बँकांना सुट्टी. कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे 'स्विच'मध्ये, हल्लेखोरांनी स्वतःचा बनावट स्विच घुसवला होता. खात्यात पैसे आहेत का, हे मुख्य प्रणालीला विचारलंच जात नव्हतं. बनावट कार्डांवर 28 देशांतून पैसे निघाले. सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-प्रणालीतून आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका सुमारे 94 कोटींचा. इथे जगातला सर्वोत्तम बॅकअप असता तरी एक रुपया वाचला नसता. वाचवू शकला असता तो सुट्टीच्या दिवशी जागा असलेला माणूस, ज्याला स्विच बंद करण्याचा अधिकार आहे.

म्हणून कोटेशन उघडण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुमचं सगळ्यात मोठं नुकसान काम थांबल्याने होईल, की पैसा किंवा माहिती बाहेर गेल्याने?

काम थांबण्याची भीती मोठी असेल, तर माझं मत ठाम आहे: आधी बॅकअप. गाळप हंगामात वजनकाट्याची आणि ऊसबिलांची प्रणाली आठवडाभर बंद पडणं कुठल्याच कारखान्याला परवडणार नाही. पण बॅकअप म्हणजे सर्व्हरला कायम खोचून ठेवलेली हार्डडिस्क नव्हे. सर्व्हर लॉक होतो तेव्हा तीही लॉक होते. त्याच नेटवर्कवर, त्याच ॲडमिन पासवर्डने उघडणारा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेलं साठवणीचं यंत्र, तेही तसंच जातं. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक जागेबाहेर हा जुना नियम आजही चांगला आहे. फक्त एक प्रत अशी हवी की ती ॲडमिनलासुद्धा ठरलेल्या मुदतीआधी पुसता येणार नाही. आणि रिस्टोअर करून बघा. कोऱ्या मशीनवर गेल्या महिन्याचा टॅलीचा डेटा चढवा, एक बिल काढा, किती तास लागले ते लिहून ठेवा. 'बॅकअप यशस्वी' असा रोजचा मेल याची जागा घेऊ शकत नाही.

दिल्लीच्या एम्सवर 23 नोव्हेंबर 2022 रोजी हल्ला झाला, तेव्हा ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या प्रणालीचा डेटा सुरक्षित राहिलेल्या बॅकअप सर्व्हरवरून परत मिळाला. तरीही बहुतेक सेवा पूर्ववत व्हायला दोन आठवडे गेले, तोवर कागदावर काम चाललं. डेटा असणं आणि काम सुरू होणं यात एवढं अंतर पडू शकतं. ते कमी होतं फक्त सरावाने.

पैसा हलवणाऱ्या संस्थेचं गणित उलटं आहे. तिथे पहारा आधी. रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2019 च्या परिपत्रकात नागरी बँकांचे चार स्तर केले आणि सर्वांत वरच्या स्तराला सॉक बंधनकारक केलं. खालच्या स्तरातल्या बँकांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. रुग्णांची किंवा ग्राहकांची माहिती सांभाळणाऱ्यांनाही पहारा टाळता येणार नाही. हल्लेखोर आता डेटा लॉक करण्याआधी तो चोरतात आणि चोरीवर बॅकअपचा इलाज नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे.

खर्चाचा स्वभावही वेगळा. बॅकअपला सुरुवातीला मोठी रक्कम लागते, मग थोडी थोडी. सॉकचं बिल दर महिन्याला येतं आणि थांबवलं की पहाराही थांबतो. सायबर विमा या दोन्हींनंतरचा विषय. मुळात बॅकअप आणि टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डसोबत ओटीपीसारखी दुसरी खात्री) नसेल तर विमा कंपन्याही नाक मुरडतात.

कोणताही पर्याय घ्या, दोन गोष्टींना सूट नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवायचं आणि 180 दिवसांच्या नोंदी जपायच्या.

सॉकवाल्यांशी करार करताना मी एकच प्रश्न धरून बसेन: रविवारी पहाटे तीन वाजता संशयास्पद हालचाल दिसली, तर तुम्ही मेल पाठवाल, फोन कराल, की ते मशीन नेटवर्कवरून तोडाल? उत्तर 'मेल' असेल तर ते पैसे बॅकअपमध्ये घाला. 'तोडू' असेल, तर तो अधिकार कोणाच्या नावाने आणि कोणत्या मशीनपुरता, हे करारात लिहून घ्या आणि मंडळाच्या ठरावातही नोंदवा.